वारस शोधून देतो म्हणाला आणि वाड्याचे कागद घेऊन गेला

मागच्या वर्षी पितृपंधरवड्यात मला एका अनोळखी माणसाचा फोन आला. माझ्या पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, कोकणातलं मूळ गाव, सगळं त्याने बिनचूक सांगितलं. बोलणं अगदी आपल्या बडोद्याचं मराठी. म्हणाला, "ताई, तुमच्या पणजोबांचा 1911 सालचा दिवाणी दावा मला सापडलाय. इनाम जमिनीचा. निकाल त्यांच्या बाजूने लागला होता. पुढे 1955 ला इनामं गेली, सरकारने मोबदला ठरवला, पण वारस मिळाले नाहीत म्हणून रक्कम कोर्टात जमा झाली. व्याजासकट 1 कोटी 18 लाख होतात."

त्याच्या गोष्टीत खरं पुष्कळ होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते. 1949 च्या मे महिन्यात बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. विलीन झालेल्या मुलखातली इनामं रद्द करणारा कायदा 1955 चाच आहे. आमच्या घराण्याला थोडं इनाम होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. माझे वडील शेवटच्या आजारात सारखं म्हणायचे, "आपले लोक कुठून कसे आले, एकदा नीट लिहून काढायला हवं." त्यांचं ते राहून गेलं, आणि ती रुखरुख माझ्या मनात होती. पैशाआधी मी त्या रुखरुखीपायी फसले.

पहिल्या भेटीला त्याने मला सुरसागरच्या काठी, न्यायमंदिरासमोर बोलावलं. 1896 ची ती जुन्या कोर्टाची इमारत. कोर्टं आता दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेली आहेत. तो म्हणाला, जुनं रेकॉर्ड अजून आतच आहे, बाहेरच्यांना सोडत नाहीत, पण आपला माणूस आहे. मग गोष्ट निघाली सयाजीराव महाराजांची. कवळाण्यातल्या शेतकऱ्याच्या घरचे गोपाळराव 1875 ला दत्तक येऊन गादीवर बसले, ते वंशावळीच्या जोरावर. "ताई, एका कागदाने माणसाचं नशीब बदलतं." ते ऐकून माझे डोळे भरून आले होते.

नंतर त्याने हळूच विचारलं, भाऊ आहे का, चुलतभाऊ किती? 2005 च्या दुरुस्तीने मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला आहे, पण घरातली माणसं तो देत नाहीत, असं म्हणाला. "आत्ताच कोणाला बोलू नका. वाटेकरी वाढले की दावा लांबतो." मी बोलले नाही. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा चार महिने काही कळू दिलं नाही. सगळ्यात जास्त वाईट मला याचंच वाटतं.

पैसे असे गेले: शोधाची फी 5,500, मोडी वाचनाचे 18,000, तातडीच्या नकलेचे 12,500, स्टॅम्पचे म्हणून 41,000 आणि "वारसांची अनामत" म्हणून 65,000. एकूण 1,42,000 रुपये. सगळे यूपीआयने, दोन खासगी खात्यांवर. कोर्टाची फी कोणाच्या खासगी खात्यात भरत नसतात, हे मला कळायला हवं होतं.

कागदही त्याने टप्प्याटप्प्याने मागितले. आधी वंशावळ, मग सगळ्यांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स, आजोबांचा मृत्यूचा दाखला, वाड्याची घरपट्टीची पावती ("पत्ता जुळवायला"), आणि शेवटी नोटरीसमोर सही केलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे माझ्या वतीने व्यवहार करायचा अधिकार. दोन कोऱ्या स्टॅम्पपेपरवरही सह्या घेतल्या. "सारखं तुम्हाला कुठे बोलावू?" असं म्हणाला.

त्या बदल्यात माझ्या हातात आली मोडीतल्या एका पानाची झेरॉक्स आणि तिला टाचलेलं देवनागरी लिप्यंतर. लिप्यंतरात आमची सगळी वंशावळ होती, वादी, प्रतिवादी, निकाल, सगळं. मी ती फाइल देवापुढे ठेवली होती.

आत्याने ते वाचायला मागितलं. आत्या 84 वर्षांची आहे. चष्मा पुसून तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अगं, हे धाकट्या काकांचं नाव कोर्टात असं कसं असेल? हे तर आपण घरात हाक मारायचो ते. पत्रिकेतलं नाव वेगळं होतं." ट्रंकेतून तिने त्यांची पत्रिका काढली. खरंच वेगळं होतं. ते टोपणनाव बाहेर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कुलसंमेलनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुलवृत्तांतासाठी मी माहितीचा फॉर्म भरला होता, त्यात चुकून तेच लिहिलं होतं. म्हणजे 1911 च्या कोर्टाने माझ्या फॉर्ममधली चूक उतरवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मी ते मोडीचं पान घेऊन रावपुऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. मोडीत शब्द तोडत नाहीत, आधी रेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं, त्यामुळे न शिकलेल्याला सगळी पानं सारखीच दिसतात. सरांनी भिंग लावून सावकाश वाचलं. तो एका पागेचा हिशेब होता. घोडी किती, चंदी किती मण, वैरण किती, खोगिराच्या दुरुस्तीला काय लागलं. पान अस्सल होतं, पण आमच्या घराण्याचं त्यात एक अक्षर नव्हतं. वाचून झाल्यावर सर बराच वेळ माझ्याकडे बघत नव्हते.

मोडी येत नसेल तर मोडी आणि लिप्यंतर एकाच माणसाकडून घेऊ नका. पान दुसऱ्याला दाखवा, आणि पहिल्या माणसाने काय वाचलं ते त्याला आधी सांगू नका. नक्कल स्वतः अर्ज करून काढा. कोर्टाच्या प्रमाणित नकलेवर शिक्का, सही, अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख, कोणी उतरवली, कोणी ताडून पाहिली, फी किती, हे सगळं असतं. माझ्या "तातडीच्या नकलेवर" फक्त एक जांभळा गोल शिक्का होता. जुन्या दाव्यांची सगळी कागदपत्रं कोर्ट कायम ठेवत नाही, मुदतीनंतर बरीच नष्ट करतात. त्यामुळे "पूर्ण फाइल मिळाली" म्हणणाऱ्याला दाव्याचा नंबर, साल आणि कोर्ट विचारा. मी नंबर विचारला होता. तो म्हणाला, "तो गोपनीय असतो."

भावाला सांगितलं तेव्हा तो रागावेल असं वाटलं होतं. तो रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, "वाड्याचे कोणते कागद दिलेस?" तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दांडिया बाजारातला आमचा वाडा सिटी सर्वेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांच्याच नावावर आहे. वारसाईची नोंद आम्ही आळसाने करायची ठेवली होती. वंशावळ, मृत्यूचा दाखला, आधार, घरपट्टी, मुखत्यारपत्र, कोऱ्या सह्या. त्या माणसाकडे जमलेले कागद 1911 च्या जमिनीसाठी नव्हतेच. आज उभ्या असलेल्या वाड्यावर हात टाकायला लागतात ते होते.

मग धावपळ सुरू झाली. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन दोन महिने झाले होते. तो फोन त्याच दिवशी करायचा असतो. पोलिसांत लेखी तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 लावा म्हणून आग्रह धरला. वकिलांकडून मुखत्यारपत्र रद्द केल्याचा दस्त केला, आणि एका गुजराती व एका मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. सिटी सर्वेला लेखी हरकत देऊन पोच घेतली. आता चौघा चुलतभावंडांनी मिळून पेढीनामा (सरकारदरबारी द्यायची वंशावळ) आणि वारसाईचं काम हातात घेतलंय. त्यासाठी लागणारी नावं आत्या सांगते, तारखा ट्रंकेतल्या पत्रिकांवरून घेतो, आणि कुलवृत्तांतातली माझी चूकही दुरुस्त केली आहे.

मूळ मुखत्यारपत्र आणि त्या दोन कोऱ्या सह्या अजून त्याच्याकडेच आहेत. बडोद्यात कोणाला दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचा हिस्सा मुखत्यारपत्रावर स्वस्तात विकायला कोणी आणला, तर बयाणा देण्याआधी प्रॉपर्टी कार्डावर ज्यांचं नाव आहे त्यांच्या दारावर एकदा थाप मारा. दार आम्हीच उघडू.