कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू घ्यावं की दोन-तीन महिन्यांची तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी)?

गोराईत आमच्या परसात पहिल्यांदा दहा पिल्लं आणली तेव्हा विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, आठ माद्या आहेत. चौथ्या महिन्यात त्यातले सात जण पहाटे चारला आरवायला लागले. शेजारच्या काकूंनी आठवडाभर कळ काढली, मग आईला म्हणाल्या, "वहिनी, हा गजर बंद नाही का हो करता येत?"

तेव्हापासून कुणी सल्ला मागितला की मी आधी विचारतो, अंडी हवीत की रस्सा? रस्सा हवा असेल तर मिश्र पिल्लं घ्या, स्वस्तात पडतात. अंडी हवी असतील तर मात्र नर-मादी ओळखायची कोणती रीत कुठे लागू पडते ते बघावं लागतं.

रंगावरून ओळखणं सगळ्यात सोपं. ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉकची कोंबडी अशी जोडी लावली की पिल्लं सगळी काळी होतात, पण नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. पट्ट्यांचं जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं आणि कोंबडीकडून ते फक्त नर पिल्लांना मिळतं. तपकिरी अंडी देणाऱ्या बऱ्याच संकरित लेयरमध्येही (अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्यांमध्ये) असंच: मादी तांबूस, नर पिवळट पांढरा. जोडी उलटी लावली की हिशेब बिघडतो, पुढच्या पिढीतही बिघडतो. म्हणून "आमच्या घरच्याच कोंबड्यांची पिल्लं" असं कुणी म्हटलं तर ठिपक्यावर जाऊ नका.

पंखाची रीत दिसायला झकास. पिल्लाचा पंख दोन बोटांत अलगद पसरून उजेडाकडे धरायचा. कडेला पिसांच्या दोन ओळी दिसतात, कंगव्याच्या दातांसारख्या. खालची ओळ वरचीपेक्षा स्पष्ट लांब असेल तर मादी. दोन्ही सारख्या असतील, किंवा वरचीच लांब असेल, तर नर. पण हॅचरीने (पिल्लं उबवून विकणाऱ्या केंद्राने) त्यासाठी मुद्दाम जोडी लावलेली असेल तरच हे खरं, आणि तेही पहिल्या एक-दोन दिवसांत. गावठी पिल्लांवर मी हा प्रयोग मन लावून केलाय. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच कळलं असतं.

गुदद्वार तपासण्याची रीत जपानी संशोधकांनी १९२० च्या दशकात शोधली. तरबेज माणूस तासाला हजारभर पिल्लं बघतो. घरी हात घालू नका. चुकीचा दाब पडला की पिल्लू जातं. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, हे आजीचं शास्त्र तर सोडूनच द्या.

जात ओळखण्यात फसगत जास्त कडकनाथची. काळं पिल्लू दिसलं की भाव चढतो, पण वर सांगितलेल्या संकराची पिल्लंही काळीच असतात. पिसं बाजूला सारून कातडी बघा, चोच उघडून जीभ बघा, पाय बघा. सगळीकडे काळसर झाक हवी. वनराजा, गिरिराजा या सुधारित जातींची पिल्लं रंगीबेरंगी असतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून ती गावठीपासून वेगळी काढणं मला तरी जमत नाही. अशा वेळी पिल्लं कुठून आली हे विचारणं बरं. मुंबईतल्या आरे कॉलनीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं केंद्र आहे. फोन करून कोणती जात शिल्लक आहे ते विचारा, मगच जा.

स्टेशनबाहेर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात ती बहुतेक लेयर हॅचरीने टाकून दिलेले नर असतात. अंड्यांची आशा धरून ती घेऊ नका.

तलंग महाग पडते, पण तोवर पक्षी स्वतःच सांगायला लागतो. पाच-सहा आठवड्यांत नराचा तुरा मोठा आणि लालसर होतो. असीलसारख्या जातींत तुरा मुळात बसका, तिथे थांबावं लागतं. मी बघतो ती शेपटीच्या बुडाजवळची पिसं: दहा-बारा आठवड्यांनी नराची तिथली पिसं निमुळती, टोकदार, चकचकीत होतात, मादीची गोलसरच राहतात. शिवाय पिल्लांना पहिले काही आठवडे दिव्याची ऊब लागते आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. गेल्या खेपेला मी सहा तलंगाच आणल्या, विकणाऱ्यासमोर एकेकीची पिसं उलटी करून बघून. तो वैतागला, पण थांबला.