चिपळूणच्या पुरानंतरचे बालकेंद्र : एका आईचा अभिप्राय

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि पुढचा आठवडा आमचा घरातला चिखल उपसण्यात गेला. त्या दिवसांत एका स्वयंसेवी संस्थेने शाळेच्या वरच्या मजल्यावर चालवलेल्या बालकेंद्राचा फार मोठा आधार झाला. मुलाला सोडताना आणि नेताना वहीत वेळ व सही घेतली जाई, अनोळखी माणसाच्या हाती मूल दिले जात नसे, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. ताईंनी पुराबद्दल मुलांना कधीही खोदून विचारले नाही. माझी सात वर्षांची मुलगी तीन दिवस केवळ तपकिरी खडूने कागद भरत राहिली. चौथ्या दिवशी तिने त्यावर पिवळी होडी काढली. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह मात्र नव्हते, ही गंभीर उणीव होय. शिवाय घरे राहण्याजोगी होण्यापूर्वीच केंद्र बंद झाले.