रत्नागिरीतली लायब्ररी: खालचा खण मात्र जरूर बघा

एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखी ही खासगी लायब्ररी. डिपॉझिट 300, महिन्याला 80, एका वेळी दोन पुस्तकं. जागा एवढीशी, की दोघं आत शिरले तर तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. रहस्यकथा आणि दिवाळी अंक भरपूर, नवं फारसं नाही. तरी मी वर्गणी भरते ती एका कपाटासाठी.

कपाटावर ‘महिलांसाठी’ अशी चिठ्ठी. वर पाककृती, मधे व्रतवैकल्यं आणि अगदी खाली, कंबर मोडून बघावं लागतं तिथे, बायकांची आत्मचरित्रं. लोणची-मुरंब्यांच्या खाली उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (2003)! इथल्याच फणसवळ्याच्या बाई त्या. हे पुस्तक खरं तर दारात मांडायला हवं. डोक्यावर भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला चालत येणाऱ्या बायका, बांबूची सुपं-टोपल्या विणून घर चालवणारी आई, हे आपण ऐकून असतो. पण बायको शिकायला, लिहायला, सभांना जायला लागली की आधी प्रोत्साहन देणाऱ्या नवऱ्यालाच ते कसं सलू लागतं, पोटचा मुलगा गेल्यावर आईचं काय होतं, हे इतकं सरळ मी तरी आधी वाचलं नव्हतं. सोसण्याचा मोठेपणा कुठे नाही. राग आला तिथे राग लिहिलाय.

सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ (1990) मात्र पुलंच्या रांगेत. बाई मूळच्या रत्नागिरीच्या, 1946 साली लग्नही इथेच झालं, नोंदणी पद्धतीनं. काउंटरवरच्या काकांना म्हटलं, ‘‘काका, हे खालच्या खणात हवं ना?’’ तर म्हणाले, ‘‘अहो ताई, लोक तिथेच शोधतात.’’ खरंय त्यांचं, आणि दुखणं तेच आहे. अख्खा महाराष्ट्र ज्यांच्यावर जीव टाकायचा, त्यांच्याशी संसार करताना साठलेली चीड बाईंनी त्यात मांडलीय, आणि स्वतःच्या हट्टांनाही सोडलेलं नाही. या प्रतीत नवऱ्याबद्दलच्या मजकुराशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘अगदी’ लिहून ठेवलंय, दोन-तीन ठिकाणी. एरवी पुस्तकात लिहिणाऱ्यांचा मला संताप येतो. हिला माफ.

तक्रार ओलीची. जुलैत पानं चिकटतात, बुरशीचा वास हाताला राहतो. ‘आयदान’ची शेवटची पानं सुटली आहेत, नवी प्रत ‘मागवतो’ म्हणतात, येत काही नाही. जाड पुस्तकं मेमध्येच वाचून घ्या, हे बरं.

सोमवारी बंद, दुपारी एक ते चार शटर खाली. काकांकडे नुसती ‘आत्मचरित्रं’ मागितलीत तर पुढाऱ्यांची काढून देतात. बायकांची म्हणून स्पष्ट सांगा.