भाड्याचं ऑक्सिजन मशीन घेताय? मशीनच्या आधी बाटली आणि नळी बघा

वडिलांसाठी पाच लिटरचं (म्हणजे मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं) ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दीड महिना भाड्याने घेतलं होतं, त्याचा अनुभव लिहितोय. घ्यायच्या आधी मी खूप शोधलं, पण सगळीकडे भाडं किती नि डिपॉझिट किती एवढंच, घरातल्या बाकीच्यांना लागण होऊ नये म्हणून काय करायचं हे कुठेच नाही. दुकानाचं नाव देत नाहीये.

अण्णांना आधीपासून सीओपीडी (धाप लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार), त्यात स्वाइन फ्लू झाला, आठ दिवस अ‍ॅडमिट होते आणि मग मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजनवर घरी सोडलं. खोकला होताच. घर दोन खोल्यांचं, आई सत्तरीची, मुलगी चार वर्षांची, त्यामुळे मला झोप नव्हती.

मशीनबद्दल तक्रार नाही. खोलीतलीच हवा आत घेतं, नायट्रोजन बाजूला काढतं आणि ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन देतं, सिलिंडर भरून आणायची धावपळ नाही. आवाज फ्रीजपेक्षा जास्त, पण दोन दिवसांत सवय होते. लाइट गेली तर बंद पडतं म्हणून छोटा सिलिंडर जवळ ठेवाच.

जो मुलगा मशीन लावायला आला त्याला मात्र मनापासून धन्यवाद. आल्या आल्या त्याने खिडकी उघडली, पलंग खिडकीपाशी सरकवायला लावला, देवघर त्याच खोलीत होतं तर निरंजन-उदबत्ती दुसरीकडे हलवा म्हणाला (ऑक्सिजनजवळ आग नको). मग अण्णांना नाकातल्या नळीवरून साधा सर्जिकल मास्क लावून दाखवला. मी म्हटलं याने ऑक्सिजन कमी नाही का मिळणार, तर त्याने मास्क लावूनच बोटाला ऑक्सिमीटर लावला, रक्तातला ऑक्सिजन ९३ टक्के होता तो ९३च राहिला.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की मशीनची हवा एकाच दिशेने येते, मशीन जंतू फेकत नाही, पण पेशंटचा श्वास नळीच्या बाजूने बाहेर येतो. हाँगकाँगमध्ये २००३ च्या सार्सच्या (फुप्फुसांच्या संसर्गाच्या) साथीनंतर पुतळ्यावर धूर नि लेझर वापरून प्रयोग झालेत, त्यात पाच लिटरला नाकाच्या नळीतून श्वास साधारण एक मीटरपर्यंत गेलेला दिसला. आणि खोकला आला की त्याहून जास्त. म्हणून मास्क, उघडी खिडकी, आणि जेवण भरवणाऱ्यानेही एन९५ लावायचा. नेब्युलायझरही डॉक्टरांनी बंद केला, वाफारा खोलीभर पसरतो आणि घेताना पेशंट खोकतो पण, त्याऐवजी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप दिला. ज्यांच्याकडे नेब्युलायझर चालू आहे त्यांनी स्वतःच्या मनाने बंद करू नका हं, विचारा आधी.

आता ज्याचा राग आला ते. तीन आठवड्यांनी मशीनचा अलार्म वाजायला लागला, फोन केला तर दुसरं मशीन त्याच दिवशी पाठवलं, इथपर्यंत छान. पण त्याच्यासोबत आलेली पाण्याची बाटली (ऑक्सिजन ओलसर करायला मशीनला लावतात ती) आतून पिवळट, तळाशी बुळबुळीत थर, आणि नळी पाकीट फोडलेली! म्हणजे आधीच्या कुणाच्या तरी नाकात घातलेली नळी माझ्या वडिलांना? दुकानात फोन केला तर म्हणे धुऊन देतो आम्ही. अहो नळी धुऊन दुसऱ्याला द्यायची वस्तू आहे का? आणि बाटलीत घाण असेल तर तिच्यातूनच बुडबुडे होऊन हवा थेट फुप्फुसात जाते, साचलेल्या पाण्यात स्युडोमोनाससारखे जंतू वाढतात, आधीच कमजोर माणसाला न्यूमोनिया व्हायला किती वेळ लागतो? मागचा फिल्टर पण धुळीने करडा झालेला.

मी बाटली आणि नळी दोन्ही परत केलं, मेडिकलमधून सीलबंद नळी आणि बाटली आणली. बाटलीत नळाचं पाणी कधीच नाही, डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं, रोज जुनं ओतून बाटली धुवून वाळवून मगच नवीन भरायचं, वरून भर घालायची नाही. पुढे डॉक्टर म्हणाले दोन लिटरला नाक कोरडं पडत नसेल तर बाटलीची गरजच नाही, मग काढूनच टाकली.

आई आणि मुलगी दोघींना काही झालं नाही. मशीनला पाचपैकी साडेचार, त्या मुलाला पाच, दुकानाला दोनच. डिपॉझिट पूर्ण परत मिळालं हे खरं, पण तिथून घेणार असाल तर नळीचं पाकीट तुमच्या समोर फोडायला सांगा आणि बाटली उजेडात धरून बघा, त्याशिवाय पावतीवर सही करू नका.