घडीची व्हीलचेअर: उमराहला नेली, आता घरी वापरतोय

गेल्या आठवड्यात पुढचं डावं चाक जाम झालं आणि डीलर म्हणतो, 'चाकं वॉरंटीत येत नाहीत.' मग व्हीलचेअरमध्ये वॉरंटीत येतं तरी काय, सीटचं कापड?

ॲल्युमिनियमची ही खुर्ची अम्मीच्या गुडघ्यांसाठी उमराहच्या, म्हणजे मक्केच्या यात्रेच्या, आधी घेतली. हरममध्ये, म्हणजे काबाभोवतीच्या मशिदीत, साध्या व्हीलचेअर फुकट मिळतात, मग साडेनऊ हजार कशाला घालायचे, हा घरातला वाद. पण हॉटेलपासून हरमच्या दारापर्यंत काय करायचं? शिवाय विमान कंपनीने ती सामानाच्या वजनात धरली नाही.

आता फुटरेस्ट. याबद्दल दुकानात कोणी चकार शब्द काढत नाही. तवाफला, म्हणजे काबाभोवतीच्या सात फेऱ्यांना, व्हीलचेअर खाली काबाजवळ सोडत नाहीत, वरच्या मजल्यावर पाठवतात. तिथे फेरा लांब पडतो आणि गर्दीही असतेच. फुटरेस्टची पट्टी अम्मीच्या बोटांच्याही पुढे येते, कडा धारदार. पुढचा माणूस जरा थबकला की थेट त्याच्या टाचेवर, आणि एहरामात, म्हणजे यात्रेच्या बिनशिवणीच्या कपड्यांत, मोजेही नसतात! एका आजोबांना लागलीच. ते हसून पुढे गेले, पण अम्मी तसबीह (जप) थांबवून 'हळू रे, हळू' करत राहिली. शेवटी जादा टॉवेल गुंडाळून वर दोरी बांधली. एवढी रबरी पट्टी कंपनीला लावता येऊ नये?

सईत, म्हणजे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या खेपांत, मात्र माझा सूर बदलला. सफा-मरवाच्या मधोमध व्हीलचेअरची वेगळी वाट आहे. एक खेप साधारण साडेचारशे मीटर, अशा सात, म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. संगमरवरावर खुर्ची लोण्यासारखी चालली, आणि ढकलणाऱ्याची मजुरी वाचली ती वेगळीच. 'बसून केलेलं चालतं ना?' ही अम्मीची शंका मौलानांनी निघण्यापूर्वीच मिटवली होती: पत्नी उम्मे सलमा आजारी असताना पैगंबरांनी त्यांना लोकांच्या मागून, स्वारीवर बसून तवाफ करायला सांगितलं होतं.

चिपळुणात आल्यावर खडी, चिखल, पाऊस. संगमरवराची सवय झालेली ती पुढची छोटी चाकं इथे दर खड्ड्यात अडकतात. डीलरला तीन फोन झाल्यावर 'पूर्ण फोर्क (चाक धरणारा भाग) बदलावा लागेल' असं उत्तर आलं. सायकलवाल्याने बेअरिंग काढून दाखवलं, गंजलेलं. शंभराच्या आत नवीन बसलं.

पुढच्या वर्षी मामू-मुमानी हजला निघालेत, खुर्ची मागतायत. देईन, पण फुटरेस्ट काढून केबिन बॅगेत ठेवायच्या अटीवर. त्या सुट्ट्या निघतात, आणि हरवल्या तर हा डीलर त्याही वॉरंटीत धरणार नाही.