डिशवॉशर, चौदा महिन्यांनंतर: बटण दाबण्याआधी खालचं पातं हातानं फिरवून बघा

गेल्या महिन्यात सर्व्हिसवाल्याला ६५० रुपये दिले आणि त्याला न सापडलेला दोष दुसऱ्या दिवशी रात्री मला सापडला. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू पडतं. तेरा सेटचं (म्हणजे तेरा जणांच्या जेवणाची भांडी मावतील असं), समोरून उघडणारं, दोन रॅकचं साधं मशीन आहे.

घरात आम्ही पाच जण. हिच्या उजव्या मनगटाचं दुखणं वाढलं, डॉक्टरांनी घासणं-पिळणं बंद करायला सांगितलं, आणि त्याच सुमारास भांड्यांच्या मावशींनी काम सोडलं. मागच्या वर्षी पाडव्याला मशीन आणलं. भांडी भरायचं काम मी माझ्याकडे घेतलं. निवृत्त झाल्यापासून घरखर्चाची वही माझ्याकडे आहे, तिच्यातच मशीनची दोन पानं सुरू केली.

आता मूळ गोष्ट. वर्षभर बरं चाललेलं मशीन अचानक खालच्या रॅकमधली भांडी खरकटी सोडायला लागलं. वरचे पेले आणि वाट्या लख्ख, खालच्या ताटांवर मात्र आमटी वाळलेली. पावडर बदलली. ७० अंशांचा प्रोग्रॅम लावला, त्यात वीज जास्त गेली, फरक शून्य. तीन आठवडे रोज सकाळी निम्मी भांडी पुन्हा हातानं घासली. ही न सांगता घासायला उभी राहायची, तेच मला सहन होत नव्हतं.

शेवटी तक्रार नोंदवली. आलेल्या मुलानं सगळी भांडी बाहेर काढून ओट्यावर ठेवली, रिकामं मशीन वीस मिनिटं चालवलं आणि म्हणाला, "पाणी येतंय, तापतंय, पंप चालू आहे. दोष काही नाही. काका, आपल्या तेल-मसाल्याच्या जेवणाला ही मशीनं पुरी पडत नाहीत." वॉरंटी असूनही, दोष निघाला नाही म्हणून भेटीचे पैसे लागले. मला राग पैशांपेक्षा त्या तपासणीचा आला. भांडी घासण्याचं यंत्र भांड्यांशिवाय तपासायचं? तक्रार भरलेल्या मशीनची होती.

दुसऱ्या दिवशी रात्री आमटीचं पातेलं बाहेर काढलं, तर आतून बोटभर रुंदीचा एकच पट्टा चकचकीत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डाळ तशीच. पाणी त्या एकाच जागी लागत होतं. मग आवाज आठवला. पूर्वी मशीन चालू असताना दाराशी कान नेला की थांबून थांबून सपसप असा फटकारा यायचा. गेले काही आठवडे नुसतं एकसुरी सर्र ऐकू येत होतं. खालचं पातं, म्हणजे रॅकखाली फिरत भांड्यांवर पाणी फवारणारा भोकांचा दांडा, फिरतच नव्हतं.

रॅक बाहेर ओढून वाकून पाहिलं. सुनेनं महिन्यापूर्वी नवा झारा आणला होता, बारीक दांड्याचा. चमच्यांच्या टोपलीत तो दांडा खाली करून ठेवला की टोपलीच्या तळातल्या जाळीतून दीड इंच खाली उतरायचा आणि पातं त्याला अडून थांबायचं. रोज तोच झारा, रोज तीच जागा. मी तो वरच्या रॅकमध्ये आडवा ठेवला आणि तीच खरकटी भांडी तशीच पुन्हा लावली. सगळी स्वच्छ निघाली. त्या मुलानं भांडी बाहेर काढली तेव्हा झाराही बाहेर आला होता, त्यामुळे त्याला काही दिसणं शक्यच नव्हतं.

ज्यांना हे आतलं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या पात्याला स्वतःची मोटर नसते. पंप पाणी पात्यात ढकलतो, ते तिरप्या भोकांतून जोरात बाहेर पडतं आणि त्याच्या उलट्या धक्क्यानं पातं गरगरतं. बागेत गवतावर फिरणारा तुषार असतो, तसंच. म्हणून एखादा चमचासुद्धा त्याला अडवतो. पातं थांबलं तरी माझ्या मशीनला ते कळत नाही. पाणी तापतं, पंप चालतो, वेळ पूर्ण होते आणि शेवटी शिट्टीही वाजते.

तेव्हापासून माझा नियम: बटण दाबण्याआधी दोन्ही रॅक आत सरकवून खालचं पातं बोटानं एक पूर्ण वेढा फिरवायचं. वरच्या रॅकखाली दुसरं पातं असतं, तेही. खाली उंच पातेलं ठेवलं की वरचं पातं त्याच्या बुडाला अडतं, आणि मग वरच्या वाट्या राहतात. शंका आली तर पातं कुठल्या दिशेला आहे ते लक्षात ठेवून मशीन लावायचं, पाच मिनिटांनी दार हळूच उघडून बघायचं. जागा बदलली असेल तर फिरतंय.

पहिल्या महिन्यात मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं, घेऊ नका. वहीत लिहून ठेवलंय, "कढई राहते, वाट्यांत पाणी साचतं, पैसे वाया." ते मत आज मागे घेतो. तेव्हा मी मोरीतल्या टोपल्यात भांडी टाकतात तशी ती मशीनमध्ये टाकत होतो. मावशी एकेक भांडं हातात घेऊन फिरवत. मशीनमध्ये भांडं जागेवर राहतं आणि पाणी फिरतं. पाण्याला जे दिसत नाही ते धुतलं जात नाही. भांड्याची खरकटी बाजू पात्याकडे हवी आणि मध्ये दुसरं भांडं नको. भरण्याचं सगळं शास्त्र एवढंच, पण आपल्या भांड्यांशी ते जुळवायला मला पाच महिने लागले.

याला कारणही आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या जोसेफिन कॉक्रन या बाईंनी १८८६ मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यांनी आपल्या घरच्या चिनी मातीच्या बश्या मोजून त्या मापाचे तारेचे कप्पे केले होते. आजचे बहुतेक रॅकसुद्धा उथळ बश्या, कप आणि काटे-चमचे यांच्या हिशेबानंच बनतात, आणि 'तेरा सेट' म्हणजेही तेच सेट. काठाचं स्टीलचं ताट, वाटी, कुकरची भांडी हे त्या मापात कुठेच नाही. जुळवून आपल्यालाच घ्यावं लागतं.

ताटं खालच्या रॅकमध्ये, एक खाच सोडून एक. काठ उभा असल्यानं लागोपाठ लावली की एकमेकांना चिकटतात. पातेलं आणि कढई पालथी पण किंचित तिरकी, म्हणजे बुडाच्या खोलगटात पाणी साठत नाही. त्यासाठी रॅकचे मागचे काटे, म्हणजे भांडी टेकवायच्या उभ्या तारा, आडवे पाडतो. परात किंवा मोठं ताट दाराजवळ उभं केलं तर पावडरच्या डबीचं झाकण उघडत नाही. दोनदा धुणं संपल्यावर डबीत पावडरऐवजी घातलेली साबणाची वडी अर्धी तशीच मिळाली ती यामुळेच. कुकरचं झाकण शिट्टी आणि रिंग काढून, तेही स्टीलचं असेल तरच. ॲल्युमिनियम या पावडरनं काळं पडतं. आमचा जुना कुकर एकदाच घातला, तो काळवंडला. लोखंडी तवा, पितळ, तांबं, पोळपाट-लाटणं आत नकोच.

वाट्यांचं वेगळं सांगायला हवं. स्टीलची वाटी हलकी असते, पाण्याच्या जोरानं उलटते आणि घाण पाणी भरून बसते. एकात एक सरकली तर दोन्ही राहतात. मी त्या वरच्या रॅकमध्ये काट्यांना टेकवून तिरक्या, तोंड खाली करून लावतो. एक मोठी, एक लहान, अशा आलटून पालटून. वेगळ्या मापाच्या वाट्या एकमेकींत घट्ट बसत नाहीत. सगळ्यात लहान वाट्या काठाला न ठेवता मधल्या ओळीत. एकदा एक वाटी रॅकच्या फटीतून खाली पडली आणि पुन्हा पातं अडलं. तेव्हा बटणाआधी बोट फिरवलं होतं, पण वाटी नंतर पडली. आवाजावरून पाच मिनिटांत कळलं.

खर्चाचं लिहितो, कारण लोक तेच विचारतात. सांडपाण्याची नळी मी एका रात्री बादलीत सोडली. पूर्ण धुण्याचं पाणी अकरा लिटर भरलं. नळाखाली तेवढीच भांडी घासताना सिंकमध्ये बादली ठेवून मोजलं तर दोन बादल्या भरून वर गेलं. आमच्या सोसायटीत मार्चनंतर टँकर लागतो, त्यामुळे हा फरक मोठा आहे. पण सुरुवातीचे पाच महिने मी प्रत्येक भांडं आधी नळाखाली विसळून आत ठेवत होतो, म्हणजे वाचवलेलं पाणी आधीच सांडत होतो. आता विसळत नाही. उरलंसुरलं उलथन्यानं निपटून कचऱ्यात टाकायचं, एवढंच. पावडरमधली एन्झाइम्स पिठूळ आणि डाळीचं खरकटं सोडवतात, त्यासाठीच ती असतात. अपवाद तीन: करपलेलं दूध, वाळलेला भात आणि कणकेची परात. ही भिजवावीच लागतात.

वड्या महाग पडल्या, आता पावडर वापरतो. अर्धी वडी टाकून बघितली, तेलकट कढई राहिली, तो प्रयोग सोडला. मशीनच्या आतला मिठाचा डबा मात्र कधी रिकामा ठेवू नका. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड असतं. मशीनमधली राळ (पाणी मऊ करणारे बारीक मणी) त्यातला चुना धरते आणि मिठानं ती पुन्हा ताजी होते. आम्ही दोन महिने मीठ भरायचं विसरलो आणि पेल्यांवर पांढरा थर चढला. मीठ डिशवॉशरचंच घ्यायचं, जेवणातलं नाही.

खालची गाळणी आठवड्यातून एकदा काढून धुतो. फोडणीची मोहरी तिथे अडकते. गाळणी नीट फिरवून घट्ट बसवली नाही तर मोहरी आत जाते आणि पात्याच्या भोकात जाऊन बसते. जानेवारीत दोन भोकं अशी बुजली होती. पातं काढून टाचणीनं मोकळी केली. गाळणी परत बसवताना हलतेय का ते बघा.

आणखी एक, अनुभवानं झालेलं मत: घरात मशीन एकाच माणसानं भरावं. मुलगा भरतो तेव्हा दहा भांडी जास्त बसवतो आणि चार राहतात. कमी भांडी ठेवून सगळी निघणं मला परवडतं.

६५० रुपयांसाठी दोन पत्रं लिहिली आहेत, झाऱ्याचा टोपलीतला फोटो जोडून. पैसे परत मिळोत न मिळोत, तपासणी भरलेल्या मशीनची करा, एवढं त्यांनी आपल्या मुलांना शिकवावं, असं दोन्ही पत्रांत लिहिलंय. उत्तर अजून नाही. नातीला पातं फिरवायला आवडतं, त्यामुळे रात्री बटण दाबण्याआधी तिला हाक मारतो. हिच्या मनगटाचा पट्टा मार्चमध्ये सुटला. मोठी परात तेवढी मी हातानं घासतो.