नेटफ्लिक्स ठेवू की प्राइम व्हिडिओ? आधी सांगा, तुम्ही शोधता कसे

ताटं वाढून झाली, रिमोट हातात आहे, आणि काय बघायचं ते ठरेपर्यंत आमटी गार. हे ज्यांच्या घरी रोजचं आहे, त्यांना दोन्हींतलं एकच ठेवायचं असेल तर पैशांचा हिशोब नंतर. आधी आपली शोधायची सवय बघा.

मनात काही न ठरवता टीव्हीसमोर बसत असाल, तर नेटफ्लिक्स बरं. जे दिसतं ते सगळं वर्गणीतच, वर भाडं नाही. तिथली फसगत वेगळी आहे. सिनेमाचं चित्र तुमच्या आवडीनुसार बदलतं, त्यामुळे कालच नको म्हटलेला सिनेमा आज दुसऱ्याच नटाचा चेहरा लावून येतो आणि आपण परत उघडतो. चित्रावर जरा थांबलं की ट्रेलर वाजू लागतो, तेही वैताग. पण २०२० पासून ते प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये बंद करता येतं. पहिलं काम तेच करा. संगणकावर उघडलंत तर मूळ भाषा निवडून यादी बघता येते.

नाव ठरवून शोधणाऱ्याला प्राइम. इथे वर्गणीतलं, भाड्याचं आणि वेगळी वर्गणी लागणाऱ्या चॅनेलचं एकाच टोपलीत असतं. भारतात भाड्याची सोय एप्रिल २०२२ मध्ये आली, तेव्हापासून डोळे उघडे ठेवावे लागतात: निळी बरोबरची खूण म्हणजे वर्गणीतलं, पिवळी पिशवी दिसली की खिशाला हात. भाड्यानं घेतलं तर सुरू करायला साधारण ३० दिवस, पण एकदा सुरू केलं की ४८ तासांत संपवायचं. दोन रात्री पाव-पाव सिनेमा बघून झोपणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. एक गोष्ट मात्र मला फार आवडते, एक्स-रे. सिनेमा थांबवला की पडद्यावरच्या नटाचं नाव समोर. ‘अहो, ही कोण?’ हा घरातला वाद तिथेच मिटतो.

मराठी नावं रोमन अक्षरांत टाइप करताना ‘झ’साठी झेड की जेएच, हा खेळ सगळीकडेच. त्यापेक्षा फोनवर जस्टवॉच नावाच्या ॲपमध्ये देश भारत ठेवून नाव टाका. सिनेमा कुठल्या ॲपवर आहे आणि भाड्यानं आहे का, ते आधीच कळतं.

नेटफ्लिक्सची वर्गणी महिन्याचीच असते, प्राइमची वर्षाचीही मिळते. वर्षाचं घ्यायच्या आधी एक महिना जेवणाच्या वेळेलाच वापरून बघा.